खाडीला दिलेले गाठोडे

छातीच्या चित्रात जे काळे दिसते ती हवा असते आणि जे पांढरे दिसते तो देह असतो. फुप्फुसाच्या काळ्या पटावर वाटाण्याएवढा पांढरा ठिपका आढळला, तर तो परवा उगवला आहे की वीस वर्षांपूर्वी भरून आलेल्या क्षयाचा वण आहे, हे ते एकटे चित्र कधीही सांगत नाही. त्यासाठी शेजारी जुने चित्र ठेवावे लागते. दोन्हींत ठिपका तेवढाच असेल तर रुग्णाने निश्चिंत घरी जावे. वाढला असेल तर वेळ दवडू नये. ते जुने चित्र मागितल्याक्षणी हाती देणे, एवढेच माझे काम होते. तेरा वर्षे मी ते केले. त्यांतील बारा वर्षांविषयी लोक माझे कौतुक करतात. हा लेख उरलेल्या एका वर्षाविषयी आहे.

माझे शिक्षण घाटावरच्या एका पाठशाळेत झाले. पुढे वसईच्या शाळेत संस्कृत शिकवले. नव्वदच्या दशकात संस्कृतचे तास कमी होत होत संपले, त्याच सुमारास माझी एक जुनी विद्यार्थिनी क्ष-किरणतज्ज्ञ होऊन गावी परतली आणि तिने स्टेशनजवळ स्वतःचे केंद्र काढले. ती मला म्हणाली, “गुरुजी, यंत्रे मी बघते. पण माणसांच्या चित्रांची पाकिटे सांभाळायला मला पाठांतराच्या शिस्तीतला माणूस हवा.” त्या दिवसापासून मी तिला सर्वांसमक्ष डॉक्टरबाई म्हणू लागलो, ती मात्र मला गुरुजीच म्हणत राहिली. रोज सकाळी निर्मळच्या देवळात दर्शन घेऊन मी सायकलने केंद्रात येत असे आणि पहिली उदबत्ती चित्रांच्या कपाटापुढे लावत असे.

कोणी म्हणेल, फिल्मच्या पाकिटांना उदबत्ती कशाला? मला तसे वाटत नसे. निर्मळच्याच एका आजींनी आपली फिल्म केंद्रात ठेवून जायला नकार दिला होता. “माझा सांगाडा परक्या घरात कसा ठेवू?” असे त्या म्हणाल्या आणि अहवाल टंकून होईपर्यंत पाकीट मांडीवर घेऊन बसल्या. मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे पटले. अर्नाळ्याच्या एका वृद्धांनी तर सगळी तपासणी झाल्यावर मला बाजूला घेऊन विचारले, “आत्मा कुठं दिसला का?” मी म्हणालो, “त्याचे यंत्र अजून आलेले नाही.” “आलं की कळवा,” असे सांगून ते शांतपणे चप्पल घालून गेले. अशा लोकांची अंतरंगे आपल्या स्वाधीन आहेत, ही जाणीव मला फार मोठी वाटे. ती जाणीव खरी होती. तिचा अहंकार केव्हा झाला, ते मला कळले नाही.

शतक संपत असताना केंद्रात सीटी स्कॅनचे यंत्र आले. या तपासणीत छातीचे पाव कापल्यासारखे काप दिसतात आणि एकेका रुग्णाची शंभर-शंभर चित्रे निघतात. ती सगळी फिल्मवर छापणे परवडत नाही. निवडक काप एका फिल्मवर छापून रुग्णाला देत, बाकीचे संगणकात राहत. संगणक भरला की सीडीवर उतरवले जात. चित्रे घेणारी, ठेवणारी आणि मागितल्यावर काढून देणारी ही जी व्यवस्था असते तिला धंद्यात ‘पॅक्स’ म्हणतात. आमची पहिली पॅक्स यंत्राबरोबरच आली होती. सीडींना क्रमांक देणे, वहीत नोंदवणे आणि दर शनिवारी त्या पुसणे ही कामे मी स्वतःकडे घेतली.

त्याच काळात पाचूबंदरचा बस्त्याव आमच्याकडे आला. पन्नाशीचा कोळी, स्वतःची होडी, दोन मुलगे हाताशी, आणि खिशात विडीचे बंडल. खोकला हटत नव्हता म्हणून सीटी काढला. उजव्या फुप्फुसात, हृदयाच्या मागे, एक लहान गाठ दिसली. डॉक्टरबाई म्हणाल्या, “बहुधा जुना वण आहे. पण वर्षाने पुन्हा काढा. तेवढीच असली तर कायमची चिंता मिटली.”

जाताना तो फिल्मचे पाकीट घेऊन माझ्या टेबलाशी थांबला. “गुरजी, आमचं घर समिंदराला लागून. पावसात सगळीकडं पानी. ही फिल्म तुमच्याकडंच ठेवा.”

मी हसून म्हणालो, “फिल्मची आता काही गरज नाही, बस्त्याव. तुमची सगळी चित्रे संगणकात आहेत. तिथे त्यांना ना ओल, ना वाळवी.”

“म्हंजे ही टाकली तरी चालंल?”

“चालेल.”

त्याने ती टाकली नाही. कोळी माणूस काही टाकत नाही. होडीच्या केबिनला पश्चिमेकडे एक काच होती, तिच्यावर त्याने ती फिल्म चिकटवली. दुपारचे ऊन डोळ्यांवर येईना. हे त्याने मला पुढे एकदा मोठ्या कौतुकाने सांगितले आणि मीही ते कौतुकाने ऐकले.

वर्षाने तो आला नाही. खोकला थांबला होता आणि समुद्र काही थांबत नसतो.

काही वर्षांत पहिली पॅक्स जुनी झाली. ती देणाऱ्या कंपनीने हात वर केले आणि नवी घेणे भाग पडले. डॉक्टरबाई म्हणाल्या, “गुरुजी, मला यातलं वापरणं कळतं. जपणं तुम्हाला कळतं. निवड तुम्ही करा.” त्या विश्वासाने मी जो फुललो, त्याची आज लाज वाटते.

दोन कंपन्यांची माणसे आली. पहिली सुजाता नावाची अभियंता, सातिवलीतल्या एका गाळ्याच्या माडीवर तिची छोटी संस्था होती. ती स्कूटरवरून आली, हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवले आणि बसण्याआधीच म्हणाली, “काका, जुन्या सीडी बघू.” एकेक सीडी उजेडात तिरपी धरून पाहिल्यावर तिने विचारले, “या पुसता का तुम्ही?”

“दर शनिवारी. मऊ धुतलेल्या धोतराने.”

“गोल पुसता, की मधून बाहेर?”

“गोल. प्रदक्षिणेच्या दिशेने.”

“मधून बाहेर पुसायचं असतं, काका. सीडीवर सगळं गोल ओळीत लिहिलेलं असतं. आडवा ओरखडा ओळीतलं एखादं अक्षर खातो, ते भरून काढता येतं. गोल ओरखडा पूर्ण ओळ खातो. यातल्या काही सीडी सहज उघडणार नाहीत. मला तीन महिने द्या. तोवर जुनी यंत्रणा चालू ठेवा, आणि काय वाटेल ते झालं तरी जुनं काही टाकू नका.”

तिचा शब्द न् शब्द खरा होता आणि मला त्यातला एकही आवडला नाही. मी जे भक्तिभावाने सांभाळले ते माझ्याच हाताने झिजले, असे ती एका वाक्यात सांगून गेली होती.

दुसऱ्या कंपनीचा प्रतिनिधी अंधेरीहून आला. त्याने दाराबाहेर बूट काढले, कपाटावरच्या गणपतीला हात जोडले, माझी पाठशाळा कोणती ते विचारले आणि मग वाकून नमस्कार केला. किती दिवस लागतील असे मी विचारताच तो म्हणाला, “गुरुजी, अक्षय्य तृतीयेला सुरू करू. अक्षय्य राहणाऱ्या संग्रहाला दुसरा मुहूर्त कशाला?” अक्षय्य तृतीया सहा आठवड्यांवर होती. सुजाताला हवे होते तीन महिने. मी अंधेरीच्या माणसाची निवड केली. डॉक्टरबाईंनी कारण विचारले, तेव्हा ‘सुसंस्कृत लोक आहेत’ असे उत्तर मी दिले.

ठरल्या दिवशी पूजा झाली, नारळ फुटला, नवी पॅक्स सुरू झाली. आता जुनी चित्रे नीट आली आहेत की नाहीत, हे पाहून मला सही करायची होती. कंपनीच्या कागदावर स्वच्छ लिहिले होते की प्रत्येक सीडीवरील किमान दोन तपासण्या उघडून पाहाव्यात. सीडी तीनशेच्या वर होत्या. माझ्या मनात आले, एकशे आठ पाहू. जपाची संख्या आहे, पुरेशी आहे. मी यादीच्या माथ्यापासून सुरुवात केली. डाव्या हातात माळ होती. एक चित्र उघडायचे, एक मणी ओढायचा. एकशे आठही निर्दोष निघाली. यादीच्या माथ्यावर सर्वांत नवी चित्रे असतात, ती सीडीवर कधी गेलेलीच नसतात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ते आठवून पाहावे असे मला वाटले नाही.

माझ्या पाठशाळेत एक ऋचा पाठ झाली असे केव्हा म्हणत? सरळ म्हणून दाखवली म्हणून नव्हे. पदे सुटी करून, दोन-दोन जोडून, पुढून मागे आणि मागून पुढे म्हणवून घेत. एक मात्रा जरी हरवली तरी ती कुठेतरी उघडी पडावी, यासाठी पूर्वजांनी ती सारी खटपट करून ठेवली. बाराव्या वर्षापासून मी ती पद्धत जाणतो. ज्या दिवशी तिची खरी गरज होती, त्या दिवशी मी माळ ओढत बसलो. देवाचे नाव मी आळसाला पांघरूण म्हणून वापरले. याला दुसरे नाव नाही.

सहीसोबत प्रतिनिधीने कागदांचा एक गठ्ठा दिला. कोणती सीडी वाचली गेली, कोणती नाही, याची ती इंग्रजी यादी होती. मला इंग्रजी वाचता येते. मी त्या गठ्ठ्याला हळदकुंकू लावले आणि फायलीत ठेवून दिला.

मग जुन्या सीडींचा प्रश्न उरला. भंगारवाल्याला देणे मनाला पटेना. जीर्ण पोथी असो वा भंगलेली मूर्ती, आपण ती रस्त्यावर टाकत नाही, वाहत्या पाण्यात सोडतो. या सीडींवर तर माणसांचे देह होते. निर्मळच्या तळ्यात ते करणे योग्य वाटले नाही, म्हणून खाडीचे मुख ठरवले. होडी कोणाची घ्यावी, हा विचारही करावा लागला नाही. मी पाचूबंदरला जाऊन बस्त्यावला गाठले.

पांढऱ्या धोतरात बांधलेले ते जड गाठोडे त्याने दोन्ही हातांनी उचलून होडीत ठेवले. “यात काय देव हायेत, गुरजी?”

“लोकांच्या देहांची चित्रे आहेत. जुनी झाली. नवी प्रत केंद्रात सुरक्षित आहे.”

खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे त्याने इंजिन बंद केले. मी मंत्र म्हणालो. त्याने टोपी काढली आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. गाठोड्यात दगड बांधलेला होता. ते लगेच खाली गेले. परतताना केबिनच्या काचेवर त्याची फिल्म मला दिसली. भाडे त्याने घेतले नाही. “देवाच्या कामाला कसलं भाडं?” असे म्हणाला.

नाताळ तोंडावर आला असताना बस्त्यावला पुन्हा खोकला लागला आणि त्याची बायको मोनिका त्याला घेऊन केंद्रात आली. सीटी झाला. गाठ होती तिथेच होती. डॉक्टरबाईंनी मला आत बोलावले. “गुरुजी, यांचं जुनं काढा. मला दोन्ही शेजारी लावून मोजायचंय.”

नव्या पॅक्समध्ये त्याचे नाव होते. तारीख होती. जुना अहवालही होता, पण त्यात ‘लहान गाठ’ एवढेच लिहिले होते. मोजमाप चित्रावर होते. मी चित्र उघडले. पडदा काळा राहिला. पुन्हा उघडले. पुन्हा काळा.

अंधेरीचा प्रतिनिधी दूरध्वनीवर अत्यंत नम्रपणे म्हणाला की न वाचलेल्या सीडींची यादी त्यांनी दिली होती आणि खाली माझी सही आहे. हळदकुंकू लावलेला गठ्ठा मी काढला. शेवटच्या पानावर एकवीस सीडींचे क्रमांक होते. वहीत पाहिले, बस्त्यावची सीडी त्यांत होती.

डॉक्टरबाईंनी सातिवलीला फोन लावला. सुजाता तासाभरात आली. तिने मला काहीही सुनावले नाही, त्यामुळे मला अधिक लागले. “काका, सीडी द्या. वेगळं यंत्र आहे माझ्याकडे. अशा दहातल्या सात-आठ तरी निघतात.”

मी उभा राहिलो.

“गुरुजी?” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“सीडी नाहीत. त्यांचे विसर्जन केले.”

“काय केलंत?”

“खाडीत. विधिपूर्वक.”

सुजाताने खिडकीबाहेर पाहिले. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शाळेत एखादे सूत्र चुकले की ही मुलगी जशी माझ्याकडे पाहत असे, तशीच आत्ता पाहत होती. फरक इतकाच की या वेळी चूक माझी होती. मग त्या म्हणाल्या, “बाहेर बस्त्याव बसलेत. विडी ओढणारा माणूस, गाठ हृदयामागे, तुकडा काढून तपासायला सुई पोचायची नाही. जुनं चित्र नसेल तर सर्जन थांबणार नाहीत, छाती उघडतील. काय झालं ते तुम्ही त्यांना सांगा. ते तुमच्या तोंडून जायला हवं.”

मी बाहेर गेलो. बाकावर दोघे बसली होती. या क्षणाची आठवण मी रोज करतो. काय सांगायचे ते माझ्या मनात पूर्ण तयार होते. बस्त्याव मला पाहून उभा राहिला, नेहमीप्रमाणे हात जोडले, आणि मी म्हणालो, “जुने चित्र मिळत नाही. तुम्ही ती फिल्म सांभाळून ठेवायला हवी होती.”

मोनिका चटकन म्हणाली, “तुमीच बोललेलात ना गुरजी, फिल्मची गरज नाय म्हनून?”

“गप गं,” बस्त्याव तिला म्हणाला. “गुरजी असं कशाला बोलतील? मीच काय तरी उलटं समजलो असन.” आणि माझ्याकडे वळून, “माफ करा, गुरजी. आमी अडानी मानसं.”

त्याने माझी क्षमा मागितली आणि मी ती मागू दिली.

दुसऱ्या दिवशी तो होडीच्या काचेवरून सोललेली फिल्म घेऊन आला. डॉक्टरबाईंनी ती प्रकाशाच्या पेटीवर लावली. ऊन आणि खारे वारे यांनी ती पांढरी पडली होती. कापांच्या चार पुसट कडा तेवढ्या उरल्या होत्या. “दिसतंय का काय?” त्याने विचारले. “नाही हो,” डॉक्टरबाई म्हणाल्या. मी दारात उभा होतो.

मुंबईच्या एका रुग्णालयात त्याची छाती उघडली आणि फुप्फुसाचा एक भाग काढला. तपासणीत तो जुना क्षयाचा वण निघाला, निरुपद्रवी, वर्षानुवर्षे तेवढाच असलेला. दोन चित्रे शेजारी ठेवली असती तर पाच मिनिटांत हे कळले असते. मोनिका केक घेऊन केंद्रात आली. “गुरजी, तुमच्या आशीर्वादानं वंगाळ काय निघालं नाय.” मी तो केक दोन्ही हातांत घेतला.

बस्त्याव पुन्हा खोल समुद्रात गेला नाही. जाळे ओढताना धाप लागते. होडी मुलगे नेऊ लागले. मी वर्षभरात केंद्र सोडले. जाण्यापूर्वी सुजाताला बोलावून नव्या पॅक्समधून निघणाऱ्या सीडींची व्यवस्था लावून घेतली आणि मधून बाहेर कसे पुसतात तेही शिकलो. निरोपाच्या समारंभात शाल मिळाली. ती मी पांघरलेली नाही.

तीन वर्षांनी एकदा डॉक्टरबाई माझ्या घरी आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, “गुरुजी, कधी विचारलं नाही. त्या दिवशी तुम्ही सगळं सांगितल्यावर बस्त्याव काय म्हणाले हो?” त्यांच्या मनात शंका नव्हती. ‘माझ्या गुरुजींनी सांगितले असणारच’, हे त्यांनी गृहीत धरले होते. मी म्हणालो, “उद्या सांगतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात गेलो नाही. थेट पाचूबंदरला गेलो. बस्त्याव होडीच्या सावलीत बसून जाळे सांधत होता. त्याने माझ्यासाठी गोणपाट झटकले. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितले: फिल्मची गरज नाही असे मीच म्हणालो होतो, मोनिकाबाईंनी बरोबर ऐकले होते, एकवीस सीडी वाचल्या गेल्या नव्हत्या आणि मी पाहिले नाही, तुमच्या चित्रांची सीडीही त्यांत होती, आणि त्या सगळ्या खाडीत सोडलेल्या गाठोड्यात होत्या.

सुतळी त्याच्या बोटांत तशीच राहिली. “म्हंजे माझा फोटू मीच नेऊन बुडवला.”

“नाही. तुम्ही होडी नेलीत. बुडवला मी.”

मला क्षमा मिळाली नाही आणि मी मागितलीही नाही; एकदा उलट त्यालाच ती मागू देऊन चुकलो होतो. मग तो खाडीच्या मुखाकडे पाहत म्हणाला, “त्या जाग्यावर आमी जाळं नाय टाकत, गुरजी. तुमी मंतर म्हटलेला तिथं. म्हावरं चांगलं असतं, पन पोरांना मी सांगून ठेवलंय, तिथं देवाचं काय तरी हाय.”

“त्यांना सांगा, टाकू देत. तिथे देवाचे काही नाही.”

“मी कशाला सांगू?” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “तुमीच सांगा.”

दोन्ही मुलगे होडीत सामान चढवत होते. मी पाण्यात घोट्यापर्यंत उतरलो आणि म्हणालो, “खाडीच्या तोंडाशी जाळे टाकत जा. तिथे पवित्र असे काही नाही.”

थोरल्याने खांद्यावर जाळे घेतले होते. तो थांबला. “मग तिथं काय हाय, गुरजी?”

“तुझ्या बापाच्या छातीचे चित्र आहे. ते मी बुडवले, आणि त्यामुळे त्याची छाती उघडावी लागली.”

त्याने वळून वाळूवर बसलेल्या बापाकडे पाहिले. बस्त्यावने मान वर केली नाही. मग थोरल्याने ते जाळे खांद्यावरून काढून होडीत ठेवले आणि होडीचे तोंड खाडीच्या मुखापासून दुसऱ्या बाजूला वळवले.